घाणेरी आणि घाणेरा

जेवण झाल्यावर देवळाच्या ओट्यावर पाठ टेकते, पाच मिनिटं म्हणून. तीन वाजता यमुनाबाई आणि बाकीच्या बायका कुदळी घेऊन देवराईत शिरतील आणि तोडलेल्या झुडपांची मुळं खणून काढतील. त्यांना थांबवायचं तर आधी माझी चूक कबूल करावी लागेल. डोळे मिटतात. शेजारी कोणीतरी तंबाखू मळतंय.

धाकूमामा झोरे. चाळीस वर्षं ही देवराई त्यांनी राखली. गेल्या भादव्यात ते वारले, बाराव्याला मी इथे जेवूनही गेले. तरी त्यांना बघून दचकायला होत नाही.

"ताई, माझा घाणेरा कुठाय?"

घाणेरा म्हणजे नरक्या. त्याच्या वासावरून या गावात त्याला हेच म्हणतात. औषधासाठी लोकांनी चोरून तोडून आसपासच्या रानातून तो संपवला. इथे अकरा झुडपं उरली होती. मामांनीच मला ती एकेक करून दाखवली होती.

"तोडला," मी म्हणते. "मी घाणेरी काढायला सांगितली होती. ती परदेशी, काटेरी, रान गिळणारी. यमुनाबाईंनी फोन केला, घाणेरा काढायचा न्हवं? मी मीटिंगमध्ये होते. हो हो म्हटलं, सगळा काढा."

मामा उठून चालू लागतात, मी मागोमाग. आम्ही चालतोय ते आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. फायलींच्या कपाटांमधून पायवाट जाते, पाचोळा वाजतो. साहेब पलीकडे फोनवर आहेत. माझ्या टेबलाखाली तोडलेला बुंधा आहे. मामा त्याच्यापाशी उकिडवे बसतात.

"नखानं खरवडा."

"मेलंय ते, मामा."

"मेलोय मी. त्ये न्हाई. खरवडा."

अंगठ्याच्या नखाने खरवडते. साल निघते, आत ओलं हिरवं. मला रडू येतं.

"फुटेल?"

"मुळं ऱ्हायली तर फुटंल. बायकास्नी सांगितलंसा?"

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," मामा शांतपणे म्हणतात. "मला बी दोनदा काढलं व्हतं."

मग मी घरच्या स्वयंपाकघरात आहे, चहा उतू जातोय आणि मामा नाहीत.

जाग येते तेव्हा बायका कुदळी उचलताहेत. माझ्या अंगठ्याच्या नखात ओलं हिरवं काहीतरी आहे. शरमेमुळे मी त्या बुंध्यांजवळ अजून फिरकलेसुद्धा नव्हते. तशीच अनवाणी धावते.

"यमुनाबाई, खणू नका. मला घाणेरी म्हणायचं होतं. फोनवर नीट ऐकलं नाही मी. चूक माझी आहे."

यमुनाबाई जवळ येतात. मग माझा हात धरून अंगठा नाकाशी नेतात.

"जित्ता हाय ह्यो," त्या म्हणतात, आणि कुदळ खाली ठेवतात.