कच्चा लाल

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातही नाही — तिथे तर आपण सगळे जरा जास्तच खोटं बोलतो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर म्हणाला असतात, ‘काहीतरीच! तुम्ही आणि असं?’ लोकांना माझ्याबद्दल चांगलं वाटतं. लोकांची पारख ती एवढीच.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. घरात रंगांचा विषय निघाला की शेवटचा शब्द माझा — पडदे असोत, साड्या असोत, गणपतीची आरास असो. मला ते आवडायचं. आवडायचं कसलं, मी त्यावरच जगत होते. मग धाकट्या दिरानं खराडीची मुलगी केली. आज खराडी म्हटलं की काचेच्या इमारती. तेव्हा तिथे ज्वारी आणि कांदे होते, आणि सुमन त्यातूनच आली होती. पोपटी साडी, त्यावर राणी रंगाचं पोलकं. बोलण्यात ‘हाय’, ‘न्हाई’. मी तिला कधी वाईट बोलले नाही. आम्ही पुण्याची माणसं वाईट बोलत नाही — ‘वा, धाडस आहे हं’ एवढंच म्हणतो, आणि समोरची दिवसभर आरशात बघत राहते.

नणंदेला पहिली मुलगी झाली. सासूबाईंनी ट्रंकेतून मामंजींची धोतरं काढली. मामंजी गेल्यापासून त्यांनी ती कोणाला हात लावू दिली नव्हती. बारशाला बाळाची गोधडी या धोतरांची करायची, असं त्यांनी ठरवलं, आणि धोतरं दिली ती सुमनच्या हातात. हिचा टाका बारीक आहे, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून — तू रंग सांग हिला. कळलं ना? मान तिचा, आणि मी तिची मदतनीस.

आम्ही दोघी रविवार पेठेत कापड आणायला गेलो. धोतरांचा पांढरा साईसारखा झाला होता, धुऊन धुऊन मऊ. त्याच्या चौकटींना शेजार कुठला द्यायचा? सुमन राणी रंगाचा तागा उचलायची, मी न बोलता तो खाली ठेवायचे. शेवटी मी लाल निवडला, डाळिंबाच्या दाण्यासारखा. जोडीला मोहरीचा पिवळा, आणि धावदोऱ्याला गडद निळा दोरा. निवड उत्तम होती. आजही म्हणेन, उत्तम होती. सुमन दुकानाच्या दारात दोऱ्याची रिळं उजेडात धरून बघत होती, तेव्हा दुकानातले चाचा मला हळूच म्हणाले, “बाई, बाळासाठी असेल तर हा नका घेऊ. कच्चा रंग आहे, पहिल्याच पाण्यात सुटेल. पक्क्यातला दाखवतो.”

पक्का लाल त्यांनी दाखवला. तोही चांगला होता. मला पर्याय नव्हता असं म्हणायची सोयच नाही — तो माझ्यासमोर उलगडून ठेवला होता. मी म्हटलं, “पहिलाच द्या.”

मंडईपर्यंत चालत आलो, तेव्हा सुमननं विचारलं, “ताई, रंग जायचा न्हाई ना? आधी भिजवून बघू?” मी म्हटलं, कशाला, कोऱ्या कापडाची झळाळी जाईल, शीव तशीच. तिनं मान डोलावली. तिची कीव आली का मला? छे. तिरस्कार वाटला. इतक्या पटकन विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं करायचं तरी काय?

बारशाला गोधडी हातोहात फिरली. सासूबाईंनी सगळ्यांसमोर सुमनच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मी पेढे वाटत होते.

पुढे बाळानं बाळाचं काम केलं. नणंद सासरी गेली होती. तिथे तिनं गोधडी धुतली, आणि तशीच ओली पिशवीत घालून आमच्याकडे घेऊन आली. पांढरा म्हणून कुठे उरला नव्हता. खाटकाच्या फडक्यासारखा लाल सगळीकडे पसरला होता. सासूबाई ती मांडीवर घेऊन बसल्या. लुगडं भिजत होतं, त्यांना कळत नव्हतं. मग एवढंच विचारलं — कापड भिजवून नाही घेतलंस, सुमन?

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार याची तिला खात्री होती. आणि मी बोलले.

“मी सांगितलं होतं हिला भिजवायला.”

तुम्हाला वाटेल, घाबरून तोंडातून निघून गेलं. नाही. ते वाक्य दुकानातून निघाल्यापासून माझ्याकडे तयार होतं.

सासूबाई तिला रागावल्या नाहीत. पुन्हा कधी तिला काही करायला मात्र सांगितलं नाही. सुमननं सुई सोडली. दिराच्या सदऱ्याचं बटण तुटलं तरी तो माझ्याकडे यायचा. मग ती दोघं खराडीला राहायला गेली. मला बरं वाटलं. हेही सांगायलाच हवं ना? बरीच वर्षं बरं वाटलं.

हल्ली मी गोधड्यांचे वर्ग घेते. आयटीतल्या मुली येतात, ‘मॅम, तुमचा कलर सेन्स अमेझिंग आहे’ म्हणतात. मूर्ख मुली. मी गोड हसते.

मागच्या दिवाळीत सुमनकडे गेले होते. शेताच्या जागी आता इमारत आहे, तिथेच ती एकटी राहते. गुडघे गेलेत. चहाचा कप पुढे करता करता म्हणाली, “ताई, आता आई न्हाईत, कोणीच न्हाई. मला राग बी न्हाई. फक्त एकदा सांगा, मुद्दाम केलं होतं का?”

म्हाताऱ्या दोन बायका, लावलेलं दार. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. यापेक्षा सोपं काय असतं?

“कशाबद्दल बोलतेस गं?” मी म्हणाले.

तिनं साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, “काही न्हाई. साखर बरोबर हाय ना?”

बरोबर आहे, म्हटलं. चहा संपवला, आणि रिक्षा करून घरी आले.