मुजुमदारकाकांनी न विचारता छापलेल्या दहा प्रती

छत्रीबाग मोहल्ल्यात छापखाना चालवणारे मुजुमदारकाका लग्नाची पत्रिका हातात आली की आधी तिची पाठ चाचपत. पाठीवर अक्षरांचे उंचवटे लागले, की नवरदेवाच्या बापालाच विचारत, "छापलंय की मारलंय?" त्यांना बोलावणारी घरं दरवर्षी कमी होत गेली. काकांच्या मते शहरात चांगली छपाई कमी होत गेली.

मी त्यांच्याकडे माझा पहिला देवनागरी फॉन्ट घेऊन गेले. एका प्रकाशकाला तो आवडला तर शाळेच्या पुस्तकांत जाणार होता; नाहीतर माझ्या लॅपटॉपमध्येच राहणार होता. नमुना-पुस्तिकेसाठी मी पाकळ्या घातलेला जाड हँडमेड कागद नेला होता. छपाई इतकी खोल हवी होती की अक्षर बोटाला लागावं. असं मी व्हिडिओत पाहिलं होतं.

"ये क्या है? बेटा, अक्षर दाखवायचंय का गुलाब?"

"काका, टेक्स्चर..."

"टेक्स्चर चादरीचं बघतात. तुझी बारीक रेघ या गादीत बुडेल. साधा, गुळगुळीत मॅपलिथो कागद घे, मशीन नुसती टेकू दे."

मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं म्हणजे नकार, हे घरीसुद्धा कुणाला कळत नाही. काकांना कळलं. "हो, पढ़ी-लिखी हो भई. ठोकतो तुला हवं तसं."

ठोकलं. शिवाय मला न विचारता दहा प्रती साध्या कागदावर छापून गठ्ठ्याखाली ठेवल्या. परवानगी इतरांनी घ्यायची असते, असं त्यांचं मत होतं.

प्रकाशकाकडच्या मीटिंगमध्ये माझी पुस्तिका सगळ्यांनी कुरवाळली. एकाने वास घेतला. "कागद कुठला?" एवढंच विचारलं. एक ओळही कुणी वाचली नाही. रेघा बुडालेल्याच होत्या. मी काकांची साध्या कागदावरची प्रत पुढे सरकवली. संपादकबाईंनी पान उलटलं, आणि पुढचंही वाचलं.

"काका, घेतला त्यांनी."

"कागद?"

"फॉन्ट!"

"मग त्या 'ळ'चं पोट कमी कर. पोरं हसतील."

"आधी का नाही सांगितलं?"

"आधी तू अक्षरं कुठे आणली होतीस? कागद आणला होतास."

पुस्तकं छापून येण्याआधीच काका गेले. त्यांच्याकडून शाबासकी घ्यायची राहून गेली, असं मी म्हणणार नाही. ती ते देणारच नव्हते. 'ळ' मात्र मी त्याच संध्याकाळी बारीक केला होता.