प्रार्थनेत फुटलेली गोष्ट

वत्सलाबाई साळवे अठ्ठावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या. नवरा लवकर गेला. त्यांच्या एकटीच्या पगारावर मुलगी करुणा नर्स झाली. आमच्या कॉलनीत वत्सलाबाईंचा चढलेला आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. यंदाच्या मे महिन्यात ऐकला.

करुणाला इगतपुरीचं स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत. तिला लहानपणी फिट यायच्या. शेवटची नवव्या वर्षी आली, पुढे गोळ्याही बंद झाल्या. मुलाकडच्यांना हे स्वतः समोर बसून सांगायचं वत्सलाबाईंनी ठरवलं होतं. कसं सांगावं, एवढंच त्यांनी एस्तेरबाईंना विचारलं. एस्तेरबाई आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी.

गुरुवारच्या घरप्रार्थनेत एस्तेरबाईंनी डोळे मिटले आणि आवाज ओला केला. “हे प्रभू, आमच्या करुणाला फिट येतात. लग्नाच्या तोंडावर केवढं हे ओझं! तूच तिला बरं कर.”

प्रार्थनेत मध्येच कोणी कोणाला अडवत नाही. पंधरा जणी माना खाली घालून ऐकत होत्या, त्यात मुलाची सख्खी मावशी. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीसुद्धा.

शनिवारी इगतपुरीहून निरोप आला, “सध्या थांबतो.” करुणा ड्युटीला गेली, आली, न जेवता झोपली.

वत्सलाबाई एकट्याच एस्तेरबाईंकडे गेल्या.

“मी तर प्रार्थनाच केली,” एस्तेरबाई म्हणाल्या. “तुमच्या मनात कडवटपणा शिरलाय, बाई. त्यासाठीही प्रार्थना करते.”

“खबरदार! माझ्या घराचं नाव घेऊन देवाजवळ आता एक शब्द काढायचा नाही!”

हे चार घरं पलीकडे ऐकू गेलं. मग चर्चचे पाळकसाहेब आले, आणि तेही वत्सलाबाईंकडे! जिचं नुकसान झालं तिचीच समजूत काढायला. मी तिथेच बसले होते, माझं डोकंच फिरलं.

“बाई, रविवारी प्रभुभोजन आहे. मनात राग ठेवून त्या भाकरीला हात लावू नये. क्षमा करून टाका.”

“करते की. पण कशाची, ते तिच्या तोंडून ऐकू द्या.”

“प्रभूने तर साताच्या सत्तर वेळा सांगितलंय.”

“त्याच अध्यायात आधी काय आहे, साहेब? अपराध करणाऱ्याकडे एकटं जा, त्याला चूक दाखव. मी गेले. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने. आता तेही करते.”

पुढच्या शनिवारी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. “चप्पल घाल. आमेन म्हणाली होतीस ना? मग चल.”

एस्तेरबाईंनी सरबत पुढे केलं. वत्सलाबाईंनी ग्लासला हात लावला नाही.

“मावशींना फोन लावा. स्पीकरवर.”

“आत्ता? अहो, झोपल्या असतील त्या.”

“उठवा.”

एस्तेरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “लावा,” मी म्हणाले. “तुमची प्रार्थना मीही ऐकली आहे.”

त्यांनी लावला. “अहो, ते करुणाचं जरा गैरसमजाने...”

“गैरसमज कसला?” वत्सलाबाई म्हणाल्या. “खरं काय ते सांगा.”

आता एस्तेरबाईंचा आवाज खरोखरच भिजला. “करुणाला नवव्या वर्षानंतर एकही फिट आलेली नाही. मला ते माहीत होतं. तिची आई तुम्हाला स्वतः सांगणार होती. त्याआधी मी चारचौघींत बोलले. चूक माझी आहे.”

पलीकडून मावशी म्हणाल्या, “ताईच्या कानावर घालते.”

फोन ठेवून एस्तेरबाईंनी डोळे पुसले. “आता तरी क्षमा केलीत ना?”

“केली. पण घरातली गोष्ट तुम्हाला पुन्हा सांगणार नाही.”

परतताना त्या इतक्या तरातरा चालत होत्या की मला धाप लागली.

“राग गेला का?” मी विचारलं.

“छे गं! उद्या तिच्याच शेजारी गुडघे टेकायचेत. रात्रभर देवाशी भांडावं लागणार.”

घरी आल्यावर त्यांनी करुणाला सगळं सांगितलं. ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती.

“ते लोक परत आले तरी मी हो म्हणेन असं समजू नकोस, आई.”

“नको म्हणूस,” वत्सलाबाई म्हणाल्या. “पण मुलगा बघ, बोल, आणि मग नाही म्हण. एस्तेरबाईंमुळे नाही म्हणायचं नाही.”