मामांच्या नावाची सही

प्रेसमध्ये सगळे त्यांना मामा म्हणत. मालकसुद्धा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारा रंग कागदावर तसाच उतरवणं हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी एवढंच केलं.

ते रोज करडा शर्ट घालत. रंगीत शर्टाची झाक पडद्यावर पडते आणि डोळा फसतो, असं त्यांचं म्हणणं. साहित्यात एमए करून मी तिथे कॉम्प्युटरवर बसले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या लाल ओढणीकडे बघून म्हणाले, "एमएबाई, ही आग बाहेर ठेवून ये."

"मामा, लग्नातही करडाच घातला होता का?"

"लग्नात पांढरा. तिथेच फसलो. तुझ्या मामीचा खरा रंग दुसऱ्या दिवशी कळला."

मामी डबा घेऊन दारात उभ्या होत्या. "यांचा मला अजून कळायचाय," त्या म्हणाल्या.

छपाईआधी नमुन्याचा एक कागद काढतात, प्रूफ. तो घेऊन मामा खिडकीशी जायचे, मग पडद्याकडे यायचे, पुन्हा खिडकीशी. म्हणायचे, "पडदा स्वतःच्या उजेडाने चमकतो. कागद बिचारा दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. त्याला सांभाळून घ्यावं लागतं." रंग जुळला की कोपऱ्यात पेन्सिलीने छोटीशी सही. ती दिसल्याशिवाय मशीनवाला बटणाला हात लावत नसे.

दोन वर्षांपूर्वी ते सारखं म्हणू लागले, "पिवळा थोडा वाढव." मी वाढवायचे. आधी वाटलं, माझाच डोळा कच्चा. मग एका शाळेच्या अहवालाचं प्रूफ निघालं. सगळ्या मुलांना कावीळ झालेली. मशीनवाल्याला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "मामांची सही आहे ना? मग झालं."

मी मामांना सांगायला उठले. ते खिडकीशी उभे होते, कागद नाकाला लागेल इतका जवळ धरून. मी परत बसले.

मी पिवळा कमी केला, नवं प्रूफ काढलं आणि कोपऱ्यात त्यांची सही केली. त्यांचं प्रूफ कामाच्या पाकिटात मागे सरकवलं. छपाई सुरेख झाली. मामा म्हणाले, "बघ, जमतंय अजून." मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. पुढे दीड वर्ष मी तेच करत राहिले.

मग ताईच्या बाळंतपणासाठी आठ दिवस रजेवर गेले. त्याच आठवड्यात एका चित्रकार बाईंचं पक्ष्यांचं पुस्तक छपाईला आलं. बारा वर्षं त्या ही चित्रं काढत होत्या. मामांनी रंग जुळवले, सही केली, पुस्तक छापून झालं. बाई आल्या, पहिली पानं उलगडून बघत राहिल्या. "माझे बगळे आजारी का दिसताहेत?" एवढंच त्यांनी विचारलं. मशीनवाल्याने मला हे फोनवर सांगितलं.

मी परतले तेव्हा मामांच्या खुर्चीवर कागदांचे गठ्ठे होते. मालकांनी त्यांना घरी बसवलं होतं. मामींनी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला.

ऑपरेशननंतर महिन्याभराने मामा प्रेसमध्ये आले. मालक बाहेर गेले होते. म्हणाले, "दीड-दोन वर्षांतली पाकिटं काढ. कुठून बिघडलं ते बघायचंय. मालकांपुढे जायचं तर मला ते माहीत हवं."

मी काढून दिली. दुसरं काय करणार?

शाळेच्या अहवालाच्या पाकिटात दोन प्रूफं निघाली. दोन्हींवर सही. ती घेऊन ते खिडकीशी गेले. बराच वेळ तिथेच होते.

"हा कागद बरोबर आहे," ते म्हणाले. "पण सही माझी नाही."

त्यांनी दुसरा कागद उजेडात धरला.

"आणि हा माझा. पिवळाधमक." त्यांनी दुसरं पाकीट उघडलं. मग तिसरं. "म्हणजे तुला दिसत होतं."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, मामा..."

"वाटलं असतं ना. दोन दिवस फुगून बसलो असतो. मग तुझ्या मामीने बखोटीला धरून नेलं असतं." ते पाकिटं एकावर एक रचत होते. "डॉक्टर म्हणाला, वीस मिनिटांचं काम. त्या बाईंची बारा वर्षं होती गं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पाकिटं कपाटात जागेवर ठेवून ते निघून गेले.

मालकांनी त्यांना नंतर दोनदा निरोप पाठवला. ते आले नाहीत. माझ्याबद्दलही कुणाला काही बोलले नाहीत. पुस्तक पुन्हा छापलं, रंग मी जुळवले. बाई खूश झाल्या. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "शेवटी शेवटी मामांच्या चुकाच व्हायला लागल्या होत्या. पोरीने निभावून नेलं."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं काय ते मी मालकांना अजून सांगितलेलं नाही.