बाई घरी न्हाईत

मडमबाईंचं आणि माझं पहिलं भांडण झालं ते एका कोंबडीवाल्यावरून. हा माणूस दारात बसला की उठायचा नाही, आणि बाई आत दवाखान्याच्या बाटल्या उकळत होत्या. मी दारातूनच सांगितलं, "बाई घरी न्हाईत. उद्या या." झालं! बाई हात पुसत बाहेर आल्या, निघालेल्या माणसाला परत बोलावलं आणि म्हणाल्या, "मी घरी आहे. पण मला कोंबडी नको." मग त्याच्यादेखतच माझ्याकडे वळल्या. "तू खोटे बोललीस. या घरात कोणी खोटे बोलायचे नाही." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की विचारू नका. अहो, एवढं तेवढं कोण बोलत नाही? पण बाईंना ते पटायचंच नाही. कोणी विचारलं औषध कडू आहे का, तर "हो, फार कडू आहे." एका म्हातारीनं विचारलं, मी बरी होईन का, तर "नाही, पण दुखणे कमी होईल." मी कपाळाला हात लावायची.

हे भोरच्या बाहेर, उत्रोलीच्या रस्त्याला, मिशनच्या बंगल्यातलं. भोरात तेव्हा संस्थानाचं राज्य होतं. माझा नवरा तापानं गेला, सासरच्यांनी वर्षाच्या आत मला माहेरी आणून सोडलं, आणि थोरला भाऊ बंगल्यावर दुधाचा रतीब घालायचा, त्यानं मला तिथं आया म्हणून चिकटवलं. लोक म्हणायचे, बाटली. बाटले नाही. पण अक्षर बाईंनीच शिकवलं, नाहीतर आज हे लिहायला बसले नसते.

साहेब म्हणजे बाईंचे यजमान, पाद्री; त्यांचं मराठी सगळं पोथीतलं. भावाला विचारायचे, "बंधो, आज दुग्धात जल अधिक आहे काय?" भाऊ "व्हय साहेब" म्हणायचा आणि मागल्या दारी येऊन मला विचारायचा, "काय गं म्हनला त्यो?" थंडीत साहेब बैलगाडीत तंबू टाकून वेल्ह्याकडं, राजगडाखाली पालीपर्यंत गावोगाव फिरायचे, झाडाखाली पेटी वाजवून गाणी म्हणायचे. लोक गाणी ऐकायचे, साहेबांना काकड्या द्यायचे आणि घरी जायचे. किरिस्ताव कोणी व्हायचं नाही. बाईंच्या व्हरांड्यातल्या दवाखान्याला मात्र सकाळपासून रीघ. दुपारी चार वाजता जग बुडालं तरी दोघं समोरासमोर बसून चहा प्यायची. बोटीनं टपाल आलं की बाई ते लगेच उघडायच्या नाहीत, चहा होईपर्यंत मांडीवर धरून ठेवायच्या.

त्यांची मुलगी एकच. सगळे तिला बेबी म्हणायचे. सहा वर्षांची असेल. ती बोलायची ते माझं मराठी, कारण दिवसभर माझ्या कडेवर. बाई म्हणायच्या, शुद्ध बोल. ती म्हणायची, "म्या शुद्धच बोलतीया, ममा." मला हसू आवरायचं नाही. माझ्या पोटी काही नव्हतं, त्यामुळे माझा जीव सगळा तिच्यात. हे आत्ताच सांगून टाकते.

त्या पावसाळ्यात तिची पाळलेली खार मेली. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी साहेबांनी खार रुमालात गुंडाळली, पेरूच्या झाडाखाली खड्डा केला, दोन काटक्या सुतळीनं आडव्याउभ्या बांधून वर रोवल्या आणि टोपी काढून प्रार्थना म्हटली. "देव हिलाही विसरणार नाही," असं त्यांनी तिला सांगितलं. खारीचं मयत! मी पदर तोंडात कोंबून हसले. बेबी मात्र गप्प झाली, आणि रोज तिथं एक फूल ठेवू लागली.

दिवाळी झाली आणि भोरच्या पेठेत उंदीर पडायला लागले. म्हणजे प्लेग, हे तेव्हा कोणाला सांगावं लागत नव्हतं. उंदीर भेलकांडत उजेडात यायचे आणि माणसाच्या पायाशी मरून पडायचे. मग थोड्याच दिवसांत माणसांना ताप, काखेत नाहीतर जांघेत गाठ, आणि खेळ खलास. म्हणून पहिला उंदीर पडला की घर सोडायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. चार-दोन दिवसांत पेठ ओस पडली. जाती, खाटा, कोंबड्या, पाटीत घातलेले घरचे देव, सगळं माळावर गेलं. कुडाच्या झोपड्या उठल्या. हिंदू-मुसलमान सगळे एका रांगेत. बंगल्याचा खानसामा कामथडीचा, तो सांगून-सवरून घरी पळाला. दुपारी पेठेतून जाताना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा, आणि मला तो मुळीच आवडायचा नाही.

भाऊ रोज दूध घालताना म्हणायचा, "बाय, साहेबास्नी सांग, हितं ऱ्हाऊ नका. आमी माळावर जागा धरलीय."

मी सांगितलं. साहेब म्हणाले, बंगला गावाबाहेर आहे, इथं एकही उंदीर पडलेला नाही. आणि दवाखाना बंद केला तर लोक कुठं जातील? त्यात काही खोटं नव्हतं. माळावरून लोक येतच होते, बाई गाठी शेकत होत्या, आणि त्यातले काही परत जात नव्हते. दोघांनी सुई टोचून घेतली होती, मलाही टोचली. बेबीला तेव्हा खोकला होता म्हणून तिची सुई पुढं ढकलली. चहाच्या टेबलावर दोघांचं ठरलं: बंगल्यात पहिला उंदीर पडेल त्या दिवशी तंबू माळावर. तंबूची वळकटी व्हरांड्यात आणून ठेवली. बाईंनी मला बजावलं, "उंदीर दिसला तर मला लगेच सांग. लपवू नकोस." मी म्हटलं, "मी कशाला लपवू? मला काय मरायची हौस आहे?"

तेव्हापासून सकाळी उठल्यावर बाईंचा पहिला प्रश्न तोच. "उंदीर?" मी म्हणायची, "न्हाई." आणि दिवस सुरू व्हायचा.

याच दिवसांत साहेब एकदा बेबीला छकड्यातून गावात घेऊन गेले. न्यायला नको होतं. वेशीपाशी शिपायांनी मेलेल्या उंदरांचा ढीग घातला होता आणि त्यावर घासलेट ओतून काडी लावली. बेबीनं ते पाहिलं. घरी आल्यावर वेणी घालताना मला विचारते, "आया, उंदरांनी काय पाप क्येलं?"

"काही न्हाई गं. रोग पसरू नये म्हणून जाळत्यात."

"बाबा म्हनत्यात, वाईट असतंय त्यालाच देव आगीत टाकतो. आन् चांगल्याला मातीत निजवतो. मग तो उठवतो."

रविवारच्या शाळेतलं ते, साहेबांचं. मी म्हटलं, "डोकं हलवू नको, फणी लागंल."

पुढचे काही दिवस बंगल्यात सगळं ठीक होतं. फार ठीक होतं. एका दुपारी बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि छताकडं पाहिलं. "वर आवाज येत नाही," त्या म्हणाल्या. खरंच. माळ्यावर रोज खुडबुड असायची, कौलं हलायची, आम्हाला त्याची सवय झाली होती. साहेब हसले, म्हणाले, मांजर कामाला लागलं. बाई हसल्या नाहीत. मांजर तर परवापासून माझ्याही नजरेस पडलं नव्हतं. साहेब शिडी लावून माळ्यावर चढले, कंदील फिरवला, खाली येऊन म्हणाले, "एकही नाही, जिवंत नाही की मृत नाही." बाईंनी घरभर फिनेल ओतलं. त्या वासात दुसरा कुठला वास आलाच नसता. बेबी पहाटे माझ्या आधी उठू लागली होती, मला वाटलं थंडीनं झोप मोडते. परकराला माती असायची. पोरीच्या जातीला माती लागायचीच.

मग निघालं रुमालांचं. बाईंच्या बहिणीनं विलायतेहून निळ्या दोऱ्यानं काठ विणलेले रुमाल पाठवले होते. एके सकाळी बाईंनी खण उघडला आणि मला हाक मारली. "रुमाल कमी आहेत. तू घेतलेस का?" सरळ, तोंडावर. त्यांना आडवळण माहीतच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "मी? मी तुमच्या फडक्यांची भुकेली वाटले? माझ्या भावाच्या घरी धोतराचं टोक आहे नाक पुसायला!" बाई शांतपणे म्हणाल्या, "मी विचारले फक्त. नाही म्हणालीस तर नाही." त्यानं तर मी जास्तच भडकले. म्हटलं, आता रुमाल शोधूनच यांच्या नाकासमोर धरते. धुण्याचा दगड पाहिला, दोरीखाली पाहिलं, कुंपण पाहिलं. तशीच तणतणत पेरूकडं गेले.

कोंबडीनं माती उकरली होती. निळा काठ दिसत होता.

मी ओढला. रुमाल नीट चार घड्या घालून बांधलेला होता, आणि आतला उंदीर माझ्या पायावर पडला.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मग मला काटक्या दिसल्या. खारीची एक तर होतीच, जुनी. तिच्यामागं, झाडाच्या बुंध्याला वळसा घालून, तशाच बारक्या काटक्या, सुतळीऐवजी माझ्या पोलक्याच्या दोऱ्यानं बांधलेल्या, ओळीनं. प्रत्येकीपाशी एक फूल. काही फुलं वाळली होती, एक त्याच सकाळचं होतं. आम्ही रोज विचारत होतो, उंदीर? आणि रोज उंदीर पडत होता, पण आम्ही उठायच्या आत पोर त्याला माती देत होती.

मी धावत सुटले. बेबी मागल्या पायरीवर बसली होती. पुढ्यातल्या दुधावर साय धरली होती. तिनं मला पाहिलं आणि एक पाय आखडून घेतला.

"आया, हितं दुखतंय गं," ती म्हणाली, आणि जांघेवर हात ठेवला.

मी तिला उचललं, अंग तव्यासारखं तापलं होतं. बाईंनी तिचा परकर वर करून बोटानं चाचपलं, आणि म्हणाल्या, "गाठ आहे." साहेब विचारत होते, का, पण का? बेबी म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी जाळलं असतं. ते वाईट न्हवतं, बाबा." इतकी वर्षं झाडाखाली उभं राहून साहेबांनी जे सांगितलं, त्यातला शब्द न् शब्द त्यांच्या पोरीनं मानला होता.

ठरल्याप्रमाणं तंबू माळावर गेला. भावानं आपल्या झोपडीशेजारी जागा करून दिली. खाट तंबूच्या तोंडाशी, वारा लागावा म्हणून. तिथून शेतापलीकडं बंगल्याचं मागलं अंगण सरळ दिसायचं. बाई गाठ शेकत होत्या, कपाळावर पट्ट्या बदलत होत्या, आणि मी पाणी आणत होते, दुसरं काय करणार? साहेब बंगल्यावर गेले होते. ते काम करायलाच हवं होतं, नाहीतर अजून कोणी मेलं असतं. त्यांनी कोणाला सोबत नेलं नाही. फावडं आणि घासलेटचा डबा घेऊन गेले.

दुपार कलताना पेरूच्या अंगानं धूर निघाला. काळा, घासलेटचा. मी तंबूचा पडदा सोडायला उठले, पण बेबीनं पाहिलं होतं. ती तापात होती, तरी डोळे टक्क उघडे होते.

"ममा," ती म्हणाली, "बाबा त्यास्नी जाळत्यात का?"

मी बाईंकडं पाहिलं. मला सगळं आठवलं, कोंबडीवाला, ती म्हातारी, कडू औषध. मनात म्हटलं, देवा, हिच्या तोंडून आता खरं निघू देऊ नकोस. मी स्वतःच बोलणार होते, तोंड उघडलंही.

"नाही," बाई म्हणाल्या. हातातली पट्टी त्यांनी पिळली, पुन्हा पिळली. "बाबा पाला जाळत आहेत. ते सगळे मातीत निजले आहेत. कोणी उठवले नाही त्यांना."

"खरं?"

"खरं."

बेबीनं डोळे मिटले. मी बाहेर गेले आणि भावाच्या म्हशीच्या गळ्यात पडून रडले.

ती फार दिवस राहिली नाही. साहेबांनी तिच्यासाठी प्रार्थना म्हटली, खारीसाठी म्हटली होती तीच, आणि मधेच थांबले. बाईंनी ती पुरी केली.

शिमग्याच्या सुमाराला लोक गावात परतले. कौलं शाकारली, भिंती पोतारल्या, पेठ उघडली. आणि मग बायका बंगल्यावर यायला लागल्या. ज्यांच्या पोरांना बाईंनी औषध दिलं होतं त्या, कासारआळीतल्या, मुसलमान मोहल्ल्यातल्या, उत्रोलीच्या. कोणी लुगड्याच्या पदरात तांदूळ आणायचं, कोणी नुसतीच यायची. बाईंना भेटायचं म्हणायच्या, दोन शब्द बोलायचे म्हणायच्या. पायरीवर बसायच्या.

बाई आतल्या खोलीत खुर्चीवर असायच्या. दार सताड उघडं. मांडीवर न उघडलेलं टपाल. पायरीवरचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं, माझं तर जातच होतं.

मी दारात उभी राहायची आणि सांगायची, "बाई घरी न्हाईत."

आतून कोणी मला हाक मारली नाही.