डाव्या बाजूचा जोड

मास्तर हे नाव त्याला कुठल्या शाळेनं दिलं नव्हतं. एका मोठ्या क्रीडासंकुलाच्या मैदानावर तो एकतीस वर्षं गवत कापायचा. त्याच्या यंत्रामागे उमटणारे फिके-गडद पट्टे इतके सरळ असत, की कुणीतरी त्याला ‘फूटपट्टी मास्तर’ म्हणायला लागलं. पुढे फूटपट्टी गळाली, मास्तर तेवढा उरला. निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी गवताच्या यंत्राचं काही अडलं की लोक त्याच्याकडेच यायचे.

आता अडलं होतं त्याच्या लेकीचं. बागकामाची छोटी-मोठी कामं करता करता तिला एका नर्सिंग होमच्या हिरवळीचं काम मिळालं होतं. तिथले पेशंट सकाळी गवतावर अनवाणी चालत, म्हणून डॉक्टरीणबाईंना गवत बारीक आणि मऊ हवं होतं. लेकीकडचं साधं यंत्र गवत कापण्यापेक्षा झोडपायचंच जास्त. दोन दिवसांत टोकं पिवळी पडायची. हवं होतं सिलिंडरचं यंत्र, ज्याची फिरती पाती खालच्या पट्टीला घासून कात्रीसारखं कापतात. गावाबाहेरच्या एका दुरुस्तीच्या शेडमध्ये तसं एक जुनं यंत्र विकायला होतं.

“बाबा, उद्या माझ्याबरोबर चला,” ती म्हणाली. “तुम्ही हो म्हणालात तरच घेईन.”

“येतो की,” मास्तर म्हणाला.

गेल्या आठ-नऊ महिन्यांत त्याच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं दाटलं होतं आणि डाव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं. पेल्यात पाणी ओतताना तो काठाला बोट लावून ठेवायचा. सकाळी वर्तमानपत्र उघडून बसायचा, वेळेवर पान उलटायचा आणि मग सहज विचारल्यासारखं लेकीला म्हणायचा, “काय म्हणतात गं आज?” तिला वाटायचं, म्हातारपणी बाबांना वाचायचा आळस आलाय. त्यानं ते तसंच वाटू दिलं. डोळे गेले म्हटल्यावर मास्तरात उरलं काय, हा विचार तो स्वतःशीसुद्धा पुरा करत नसे.

शेडवाला पन्नाशीचा, जाड आवाजाचा माणूस होता. मास्तरला बघून तो खुर्चीतून उठला. “तुम्ही स्वतः आलात? मग मी काय बोलणार! बघा तुमचं तुम्ही.”

मास्तरनं आधी इंजिनावर तळवा ठेवला. थंडगार होतं. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलेलं नव्हतं. दोन हिसक्यांत ते सुरू झालं तेव्हा तो मान कलती करून ऐकत राहिला. “साखळी ढिली आहे,” तो म्हणाला, “पण ते काही नाही, ताणता येईल.” बंद करून त्यानं सिलिंडरचं टोक दोन्ही हातांनी वर-खाली हलवून बघितलं. बेअरिंगमध्ये खेळ नव्हता, टोक जराही डगमगलं नाही. मग लेकीनं वर्तमानपत्राची एक पट्टी पात्यांत धरली आणि त्यानं जपून सिलिंडर फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कर्र-कर्र असा सारखा आवाज आला.

“कागद तुटतोय ना सगळीकडे?”

“मधे जरा चावल्यासारखा झालाय.”

“खालची पट्टी थोडी वर घ्यावी लागेल. पात्यात अजून लोखंड आहे, दोन-तीनदा तरी धार लागेल.”

लेकीचा चेहरा खुलला असणार. “बरं झालं, बाबा!” म्हणणाऱ्या तिच्या आवाजावरून त्याला ते कळलं. तेवढ्यात नर्सिंग होममधून तिला फोन आला आणि ती बोलत बोलत शेडबाहेर गेली.

शेडवाला वाकला. “मास्तर, एक सांगून ठेवतो. डाव्या बाजूची फ्रेम एकदा तडकली होती. वेल्डिंग करून वरून रंग मारलाय. नीट बघून घ्या, मागाहून माझ्या नावानं ओरडू नका.”

मास्तर गुडघ्यावर बसला. समोर हिरवट अंधार होता, बाकी काही नाही. ‘जरा माझा हात तिथं नेऊन ठेवता का?’ एवढं म्हणायचं होतं. त्यानं स्वतःच हात फिरवला. बोटांना एक खरखरीत उंचवटा लागला, पक्का, दगडासारखा. हाच तो, असं त्यानं ठरवून टाकलं. तो होता दांड्याच्या कडीचा मूळचाच जोड. तडा त्याच्या खाली वीतभर अंतरावर, गुळगुळीत रंगाखाली होता.

“बघितला,” मास्तर म्हणाला. “चांगला धरलाय.”

लेक आत आली तेव्हा तो हात झटकत उभा होता. “घे,” एवढंच तो म्हणाला.

पाचव्या दिवशी फ्रेम तुटली. नर्सिंग होमच्या हिरवळीवर, ऐन सकाळी. सिलिंडर एका बाजूनं खाली बसला, त्यानं दोन पावलं गवत मातीसकट उपटून काढलं आणि बिडाचा एक तुकडा उडून लेकीच्या नडगीला लागला. पेशंटसाठी ठेवलेल्या बाकावर बसवूनच तिला पाच टाके घातले.

लंगडत ती घरी आली. “बाबा, आत जुना तडा होता. मेकॅनिकनं दाखवला मला. शेडवाला तुम्हाला काही बोलला होता का?”

तिच्या पायावरचा पांढरा पट्टा तेवढा मास्तरला दिसत होता.

“नाही,” तो म्हणाला.

ती तशीच रिक्षा करून शेडवर गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाला चोर म्हणून आली. तो सांगत होता, पण तिनं ऐकून घेतलं नाही. “माझे बाबा खोटं बोलत नाहीत,” असं तिनं त्याला सुनावलं, आणि घरी आल्यावर तेही सांगितलं. मास्तरला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. लेक आत पायाची पट्टी बदलत होती. मास्तरनं दार उघडलं. बाहेरच्या उजेडात एक काळी आकृती उभी होती, बोलत नव्हती.

“काय पाववाले, आज उशीर केलात,” मास्तर म्हणाला आणि बाजूच्या फळीवरची सुटी नाणी चाचपायला लागला.

आकृती हलली नाही. लेक दारात येऊन थबकली. तिनं आधी दारातल्या माणसाकडं बघितलं, मग वडलांकडं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “हे कोण आहेत?”

मास्तरनं डोळे बारीक केले. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग त्याची बोटं फळीवरच थांबली.

“मास्तर,” शेडवाल्याचा जाड आवाज आला, पण त्यात राग उरला नव्हता. “मी भांडायला आलो होतो. म्हटलं, माझ्या तोंडावर सांगा.”

“त्यानं सांगितलं होतं, पोरी,” मास्तर भिंतीकडं बघत म्हणाला. “मीच बघितला म्हणालो. मला दिसलाच नव्हता.”

मग शेडवाला म्हणाला, “अहो, तेव्हाच म्हणाला असतात, तर हाताला धरून दाखवला नसता का मी?”

लेकीनं आधी त्याची माफी मागितली. नुसती घरात मागून तिचं समाधान झालं नाही. शेडवर जाऊन, लोक असताना पुन्हा मागितली. त्यानं भंगारातून एक फ्रेम शोधून द्यायचं कबूल केलं, पण ती काही मिळाली नाही. नर्सिंग होमची हिरवळ दुसऱ्याकडं गेली. कुंपणाकडेची झाडं तेवढी तिच्याकडं राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. जे गेलं ते येणार नव्हतं. वर्षभर आधी यायला हवं होतं, असं तो म्हणाला आणि डाव्या डोळ्यासाठी थेंब लिहून दिले. परतताना लेकीनं रस्ता ओलांडायला वडलांचा दंड धरला. त्या पकडीत काळजी होती तसा रागही होता.

“डोळ्यांचं लपवलंत ते मी समजू शकते,” ती मधेच म्हणाली. “पण मी विचारलं होतं, बाबा. पाय असा घेऊन उभी होते मी तुमच्यासमोर.”



दीड महिन्यानं तिला आणखी एका यंत्राचा पत्ता लागला. ती एकटीच निघाली. मास्तरनं ‘मी येऊ?’ असं विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. दार ओढल्याचा आवाज आला, मग जिन्यावरची तिची पावलं. अजून एक पाय जड पडत होता.

दुपारी ती परतली. “नाही घेतलं,” चपला काढत ती म्हणाली. “मागच्या रुळाचं बेअरिंग गेलं होतं.”

मास्तरला विचारायला दहा गोष्टी होत्या. कुठल्या बाजूचं, किती खेळ होता, पाती किती उरली होती.

“पाय दुखतोय का गं?” त्यानं विचारलं.

“जिना चढताना थोडा,” ती म्हणाली आणि जेवायचं बघायला आत गेली.