शुभदाचं ऑनलाइन औक्षण

आमच्या घरात नवीन काहीही आलं की शुभदा आधी त्याला ओवाळते. फ्रिज, गीझर, स्कूटर, सगळे ओवाळून झालेत. नोएडात आयुष्य गेलं, पण बायकोची ही खोड काही गेली नाही.

गेल्या वर्षी आमच्या सुधन्वाला नॉर्वेतल्या एका कंपनीत नोकरी लागली. ऑफिस ओस्लोला आणि हा आमच्या बेडरूममध्ये! पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ओळखी चालू असताना शुभदा निरांजन घेऊन आत शिरली. आधी मुलाला ओवाळलं, मग लॅपटॉपला, मग स्क्रीनवरच्या सगळ्या गोऱ्या चेहऱ्यांना. एचआरच्या मॅडमनी विचारलं, हे काय? लेकानं ठोकून दिलं, "इंडियात जॉइनिंग असंच होतं."

त्या शहाण्यांना ते इतकं आवडलं, की पुढे केनियाचा मुलगा आणि पोलंडची मुलगी रुजू झाली तेव्हाही शुभदालाच कॉल.

"अगं, कोण कुठले लोक!" मी ओरडलो.

"असू दे हो. आपापल्या घरी एकटेच बसून काम करतात बिचारे," म्हणत तिनं निरांजन लावलं.

गेल्या महिन्यात कंपनीनं माणसं कमी केली. सुधन्वाला नारळ दिला. शुभदाला मात्र रीतसर नेमणूकपत्र आलं.

आता ती ओवाळते आणि आमचा इंजिनियर मागे तेलाची बाटली धरून ओरडतो, "यार आई, तू म्यूटवर आहेस!"